शेजारणींची बाळंतपणं

आकाशाकडं ढुंकूनही न बघता आकाशावर पोट भरणारा माणूस साऱ्या भूतलावर एकच असावा आणि तो नेमका माझा आतेभाऊ निघावा, हे आमच्या घराण्याला शोभण्यासारखंच आहे. हा गृहस्थ पुण्यातल्या एका मोठ्या संस्थेत खगोलशास्त्रज्ञ आहे. जगभरातल्या दुर्बिणी त्याच्यासाठी डोळे ताणून बसतात आणि हा स्वतः नऊच्या ठोक्याला कानटोपी घालून झोपतो. "जागायला दुर्बिणी ठेवल्यात की रं," तो म्हणतो. "मी सकाळी उठून विचारतो त्यांना, काय दिसलं म्हणून." सप्तर्षी त्याला दाखवता येत नाहीत. ध्रुवतारा कुठला असं विचारलं तर "उत्तरेला असेल," एवढंच उत्तर मिळतं, आणि उत्तर दिशा कुठली हे आपण त्याला सांगायचं. एकदा दिवेलागणीला आमच्या गच्चीवर पोराटोरांनी त्याला गाठलं आणि पश्चिमेच्या एका ठळक ठिपक्याकडं बोट करून विचारलं, "काका, त्यो कुठला तारा?" यानं चष्मा पुसला, घसा खाकरला आणि "शुक्र" म्हणून सांगितलं. थोड्या वेळानं शुक्र लुकलुकत लुकलुकत कोल्हापूरच्या विमानतळाकडं उतरायला लागला. पोरं हसून हसून लोळली. हा मात्र तिळभर वरमला नाही. "एवढ्या जवळचं माझ्या विषयात येत नाही," म्हणाला आणि जेवायला खाली गेला.

त्याच्या विषयात काय येतं, हे गावाला समजावून सांगण्याचं काम वर्षानुवर्षं माझ्या गळ्यात आहे, कारण तो स्वतः समजावायला लागला की माणसं चपला शोधायला लागतात. गोष्ट खरं तर साधी आहे. आपला सूर्य ज्या अफाट गोतावळ्यात राहतो त्याला दीर्घिका म्हणतात. आपली एक, आणि आजूबाजूला अशा कितीतरी. या दीर्घिकांमध्ये वायूचे ढग असतात, ते आकसत आकसत जातात आणि त्यांच्या पोटी तारे जन्मतात. कुठं भराभर जन्मतात, कुठं रेंगाळत, आणि कुठं जन्मायचे थांबलेलेच असतात. आमचा हा पठ्ठ्या कुठल्या दीर्घिकेत तारे किती वेगानं जन्मतात ते मोजतो. तेही लांबच्या नव्हे, शेजारच्या. पलूसच्या स्टँडवर एका म्हाताऱ्यानं मला गाठून विचारलं, "तुमचा त्यो आत्याचा पोरगा पुण्यात नक्की करतो तरी काय?" गाडी सुटायला आली होती. मी वैतागून सांगून टाकलं, "शेजारणींची बाळंतपणं मोजतो!" म्हाताऱ्यानं गंभीरपणे मान हलवली. "सरकारी हाय न्हवं पर?" म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून गावभर तेच झालं, आणि गंमत म्हणजे त्यालाही ते इतकं आवडलं की तोही तेच सांगायला लागला.

आता हा 'शेजार' म्हणजे काय तेही ऐका. देवयानी नावाची दीर्घिका त्याच्या हिशेबानं अगदी बांधाला बांध लागून. तिथून इकडं यायला प्रकाशालाच पंचवीस लाख वर्षं लागतात. ज्याला हे अंतर शेजार वाटतं त्याला जमिनीवरची अंतरं काय वाटणार? काही वाटतच नाहीत. एकदा एका लग्नाला म्हणून आम्ही दोघं साताऱ्यात उतरलो. "कार्यालय कुठं आहे?" म्हटलं. "शेजारीच आहे, चल," म्हणाला आणि चालायला लागला. मी नव्या चपला घातल्या होत्या. वैशाखाचं ऊन. गाव मागं पडलं, बंगले मागं पडले, दोन्ही बाजूंना नुसती शेतं लागली, तरी हा आपला चालतोच आहे आणि मला वायूच्या ढगांबद्दल सांगतो आहे. शेवटी मी रस्त्यात बसकण मारली. "अरे, पत्रिकेत पत्ता काय लिहिलाय?" त्यानं खिशातून पत्रिका काढून वाचली. "कोरेगाव," म्हणाला. "शेजारीच की!" एका ट्रॅक्टरवाल्याला दया आली म्हणून आम्ही पोचलो. तोवर नवरा-नवरी जेवून उठली होती आणि वाढपी स्वतः पंगतीला बसले होते. आम्ही त्यांच्या पंगतीत जेवलो.

मी स्वतः साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहे. एवढा ऊस गाळला, त्यातून साखर किती निघाली, याला आमच्यात उतारा म्हणतात. तो काढण्यात माझा जन्म गेला. एका हंगामात हा कारखाना बघायला आला. गव्हाणीत ऊस पडतोय, रस उकळतोय, शेवटी पांढरी साखर खाली येतेय, हे बघून हा एकदम माझा दंडच धरून ओरडला, "अरे, हे तर आमचंच! वायू म्हणजे ऊस आणि तारे म्हणजे साखर! फक्त आमचा उतारा लय कमी रं. सगळा वायू नुसता घोळत बसतो, तारे होतात चिमूटभर." त्या दिवसापासून त्याच्या दीर्घिका म्हणजे कारखाने झाले. विद्यार्थ्यांशीसुद्धा तो त्याच भाषेत बोलायला लागला, आणि त्यामुळं एकदा मार खायची वेळ आली होती. ऐन हंगामात आम्ही सातारा-सांगली एस.टी.नं येत होतो. गाडी ऊसवाल्यांनी खच्चून भरलेली. याला पुण्याहून कुणाचा तरी फोन आला आणि हा आपल्या नेहमीच्या खणखणीत आवाजात सुरू झाला. "अरे, बंद पडलाय तो! बंद म्हणजे बंद. आत काही उरलंच नाही तर चालणार कशावर? आणि शेजारचाही आता फार दिवस चालत नाही बघ. त्याचाही उतारा घसरलाय." गाडीतलं बोलणं एकदम थांबलं. मागच्या सीटवरून एक पटकेवाले पुढं वाकले. "कुठला, सायेब?" "कुठला काय?" "कारखाना! बंद पडला म्हनलासा न्हवं?" हा तोंड उघडायच्या आत त्यांनी स्वतःचा फोन काढला आणि "तोड थांबीव रं आधी! तोड थांबीव!" म्हणून कुणावर तरी ओरडायला सुरुवात केली. मग पुढचे उठले, कडेचे उठले. कंडक्टरलाही कारखान्याचं नाव हवं होतं. कराड येईपर्यंत मी उभ्यानं खुलासे करत होतो आणि हा शांतपणे त्यात भर घालत होता की शेजारचा बंद पडायलाही अजून काही अब्ज वर्षं आहेत. "मग ह्या हंगामाला काय धोका न्हाई न्हवं?" पटकेवाल्यांनी खात्री करून घेतली आणि तोड पुन्हा सुरू करायला सांगितली.

बरं, हे तारे जन्मताना मोजायचे कसे? हे त्यानं माझ्या बायकोला चहाच्या टेबलावर समजावलं आणि तिला ते माझ्याआधी कळलं. "वहिनी, एखाद्या घरात बाळंतपण झालंय हे रस्त्यावरून कसं ओळखाल?" ती म्हणाली, "दोरीवर दुपटी वाळत घातलेली असतात की." "बरोबर! आणि दुपटी आतच वाळत घातली असली तर?" तिनं जरा विचार केला. "मग धुरीचा वास येतो." यानं टेबलावर असा हात आपटला की माझा चहा बशीत आला. तर ते असं आहे. नुकते जन्मलेले मोठे तारे निळेजांभळे लखलखतात आणि लवकर संपून जातात, म्हणून निळा प्रकाश दिसला की समजायचं, इथं बाळंतपण ताजं आहे. ही झाली दुपटी. पण पुष्कळ तारे धुळीच्या दाट पडद्याआड जन्मतात. धूळ त्यांचा प्रकाश गिळते आणि स्वतः तापते. ती ऊब दुर्बिणीला वेगळ्या किरणांत टिपता येते. ही झाली धुरी. बाळ दिसत नाही, बाळंतीण दिसत नाही, पण धुरी दिसते. दोन्हींची बेरीज करायची म्हणजे खरा आकडा येतो.

ही युक्ती त्यानं जमिनीवर वापरली ती सांगलीत. गावभागात आमच्या एका जुन्या मित्राकडं निघालो होतो. जिन्यातच याचं नाक फेंदारलं. ओवा, शेपा, वर निखाऱ्यांचा धूर. "थांब," म्हणाला आणि मला तिथंच सोडून कोपऱ्यावरच्या मिठाईवाल्याकडं पळाला. मुलगा की मुलगी ते कळलं नसल्यामुळं निम्मे पेढे आणि निम्मी बर्फी घेऊन आला. दार उघडलं मित्राच्या आईनं. सत्तरी कधीच ओलांडलेली, एक हात गुडघ्यावर. यानं पुडा पुढं केला. "अभिनंदन! कधी झालं?" म्हातारी माझ्याकडं बघायला लागली. घरात चाळिशीच्या आतलं कुणी नव्हतं हो! धुरी होती ती तिच्या गुडघ्यांच्या शेकाची. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आणि हा? हा दारातच नाचायला लागला. "हेच! हेच तर आमचं दुखणं आहे! म्हातारे तारेसुद्धा धूळ तापवतात आणि आम्ही त्यांना बाळंतपणात धरतो!" म्हातारे तारे हे आपल्याला उद्देशून आहे, हे म्हातारीला कळलं असावं. तिनं बर्फीचा तुकडा तोंडात टाकला आणि "गोड जरा जास्त आहे," एवढंच म्हणाली. पुढं कित्येक वर्षं त्यानं म्हाताऱ्या ताऱ्यांची ऊब वेगळी काढण्यावरच काम केलं.

इथवर हसण्यासारखं आहे. पण त्याच्या आयुष्यात एक माणूस असं होतं की तिथं मलाही चेष्टा सुचायची नाही. ती म्हणजे आक्का.

आक्का त्याची सख्खी थोरली बहीण. तिला खंडाळा तालुक्यात दिली होती. त्या घरानं काही वर्षं वाट बघितली, मग दुसरी सून आणली आणि आक्काला तिच्या ट्रंकेसकट एस.टी.त बसवून दिलं. ती आली तेव्हा हा बिगरीत होता. त्याच वर्षी आमची आत्या गेली आणि आक्का त्याची आई झाली. आमच्या दोन घरांमधली भिंत एकच, त्यामुळं मीही बराचसा तिच्याच चुलीपाशी वाढलो. आम्हीच असं नाही. शेजारचा फौजी सीमेवर आणि त्याची बायको आजारी पडली तेव्हा त्यांची पोरं आक्काकडं. दुष्काळात माणदेशातून मेंढरं घेऊन आलेल्या एका बाईचं तान्हं तापानं फणफणलं, तेही बरं होईपर्यंत आक्काकडं. कुणाचं ना कुणाचं पोर तिच्या घोंगड्यावर झोपलेलं असायचंच. ज्या शब्दावरून तिला खंडाळ्याहून काढलं तो शब्द मात्र आमच्या घरात पुन्हा कुणी उच्चारला नाही. परसातला आंबा फळ धरायचा नाही, तर माझी आई "यंदाबी रुसलाय" म्हणायची. दुसरं काही नाही. गल्लीतल्या प्रत्येक बाळंतिणीला डिंकाचे लाडू आक्काचे, जुन्या लुगड्यांची मऊ दुपटी आक्काची. पण बारशाला पाळण्याभोवती बायका जमायला लागल्या की आक्का उठायची. "म्हस पिळायची हाय," म्हणायची आणि निघून जायची. तिला कुणी थांबवायचं नाही आणि तीही मागं वळून बघायची नाही.

हा पुण्याला गेला. स्वतःचं लग्न करायचं राहून गेलं, हेही त्याला उशिराच लक्षात आलं. असा विसरभोळा माणूस, पण दिवेलागणीला आक्काला फोन केल्याशिवाय त्यानं कधी दिवा लावला नाही. फोनवरचं बोलणं वर्षानुवर्षं तेच. "आक्का, काय करतीस?" "काय न्हाई रं, निवांत हाय." "बरं." झालं! मी चेष्टा करायचो, एवढ्यासाठी फोन कशाला, टेप करून ठेव की. शिवाय ती निवांत कधीच नसायची. एका हातानं तव्यावरची भाकरी उलटत, दुसऱ्या हातात रेडकाचं दावं धरून, खांद्यानं फोन कानाशी दाबून "निवांत हाय" म्हणताना मी तिला माझ्या डोळ्यांनी बघितलंय. पण त्या शब्दाशिवाय याला पुण्यात झोप लागायची नाही.

एका वर्षी गावच्या शाळेनं स्नेहसंमेलनाला त्याचं भाषण ठेवलं. आक्कानं त्याला फोनवर बजावलं, "जलमभर विंग्रजीत बोललास. एकदा आमास्नी कळंल असं बोल." यानं महिनाभर तयारी केली. रोज मला फोन करून शब्द विचारायचा. भरपूर तारे जन्मणाऱ्या दीर्घिकेला काय म्हणू? म्हटलं, लेकुरवाळी म्हण. खूश झाला. पण एक शब्द त्यानं मला विचारला नाही. तो त्यानं शब्दकोशातून काढला.

संध्याकाळी शाळेच्या पटांगणात पडदा लावला. आक्का हिरवं इरकल नेसून पहिल्या रांगेत, आजूबाजूला साऱ्या गल्लीतल्या बायका. येणाऱ्या-जाणाऱ्याला "माजा धाकला बोलनार हाय," म्हणून सांगत होती. आणि बोलला हो तो! दुपट्यांवर बायका खळाळून हसल्या, धुरीवर माना डोलावल्या, एस.टी.तल्या कारखान्याची गोष्ट त्यानं स्वतःच सांगितली. आक्काचा चेहरा असा उजळला होता की मी पडद्याऐवजी तिच्याकडंच बघत होतो. मग शेवटचं चित्र आलं. भलीमोठी, गोल, पिवळसर तांबूस दीर्घिका. निळा ठिपका नाही, धुळीची रेघ नाही. "आणि ही आमची थोरली शेजारीण," तो म्हणाला. "हिच्यात आता नवा तारा जन्मत नाही. ही वांझ आहे."

तो पुढं बोलत राहिला. पहिल्या रांगेतल्या बायका जमिनीकडं बघायला लागल्या. आक्कानं पदर सारखा केला. थोडा वेळ बसली. मग मागच्यांना चित्र दिसावं म्हणून वाकूनच उठली. "म्हस पिळायची हाय," शेजारणीला हळूच म्हणाली आणि कडेकडेनं बाहेर गेली. म्हैस विकून दोन वर्षं झाली होती.

भाषण संपल्यावर मी त्याला स्टेजच्या मागं ओढला. माझा आवाज चढला होता. "अरे शहाण्या, काय बोललास तू? कुणासमोर?" त्याला कळेचना. "कुठं काय चुकलं? आकडा चुकला का?" मग मी सांगितलं. गळ्यात माइकची वायर तशीच घेऊन तो पायरीवर बसला. घरी आलो तर आक्कानं पानं घेतली होती. त्याला गरम भाकरी वाढली, वर लोण्याचा गोळा ठेवला आणि "बरं बोललास रं," म्हणाली. त्यानं भाकरी नुसती कुस्करली. माफी मागायची म्हटलं तर तो शब्द पुन्हा तोंडातून काढावा लागणार, आणि ते त्याच्यानं होईना. तसाच सकाळच्या गाडीनं गेला.

त्या दिवसापासून फोनवरचा शब्द बदलला. "आक्का, काय करतीस?" "बरं हाय." एवढंच. हा लगेच मला फोन लावायचा. "आज पण 'बरं हाय' म्हणाली रं." मी म्हणायचो, दोन दिवसांत निवळेल. कसलं निवळतंय! महिने गेले. शेवटी मीच आक्काकडं गेलो. शेंगा फोडत बसली होती. म्हटलं, "आक्का, त्याला काय कळतंय? आभाळातलं बोलत होता तो." "व्हय की. मी कुठं काय म्हनले?" ती म्हणाली. "त्याचा काय दोस? पुस्तकातला शब्द हाय." चार शेंगा फोडल्या. मग डोळ्याला पदर लावला. "पर त्याच्या तोंडातनं आला रं." मीही शेंगा फोडायला बसलो.

हंगाम संपल्यावर एका दुपारी तो न सांगता आला. काखेत लॅपटॉप. थेट स्वयंपाकघरात जाऊन आक्कासमोर जमिनीवर बसला आणि तेच चित्र उघडलं. मी दारात उभा होतो.

"आक्का, ही बघ."

"बगितली की मागं." ती तांदूळ निवडत होती. मान वर केली नाही.

"तू बघितलीस. मीच नीट बघितली नव्हती." त्यानं काचेवर बोट टेकवलं. "हे कडेकडेचे तारे बघ हिचे. हे हिच्या पोटी जन्मलेले नाहीत. आजूबाजूला लहान लहान दीर्घिका होत्या, त्यांच्यात जन्मले. तिकडं त्यांचा निभाव लागला नाही. मग हिच्याकडं आले ते इथंच राहिले. ही एवढी थोरली झालीय ती त्यांना जवळ केलं म्हणून."

आक्काचा हात सुपात थांबला.

"आन् त्यांच्या आया?"

"आया?"

"ज्यांची ती लेकरं, त्या कुठं गेल्या?"

असा प्रश्न त्याला कुठल्या परिषदेत कुणी विचारला नसेल. "त्याही मोडल्या आणि हिच्यातच मिसळल्या," तो म्हणाला.

"म्हंजे समदा गोतावळाच सांबाळला म्हन की तिनं." आक्कानं सूप बाजूला ठेवलं, पदरानं लॅपटॉपची काच पुसली आणि बराच वेळ बघत राहिली. "मग तिला तसलं नाव कशापायी ठिवलंस रं?"

"चुकलो, आक्का," तो म्हणाला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. "लय चुकलो. दुसरं नाव सुचत न्हाई मला."

आक्का काही बोलणार तोच तिचा फोन वाजला. माझी बायको सांगलीच्या बाजारात गेली होती, तिचाच होता. आक्कानं एका हातानं फोन कानाला लावला आणि दुसरा हात त्याच्या डोक्यावर ठेवला. "हां, बोल गं. आमी? काय न्हाई, निवांत हाय. धाकला आलाय पुण्यास्नं. येताना हळद तेवढी आन."

त्यानं मान वर केली. मीही बघत राहिलो. आक्काच्या काही ध्यानात नव्हतं, ती हळदीचा भाव विचारत होती. "निवांत," हा डोळे पुसत पुटपुटला. "निवांत दीर्घिका!" नंतर त्यानं मला सांगितलं की अशा दीर्घिकांना त्यांच्या शास्त्रात इंग्रजीत जे नाव आहे त्याचा अर्थ नेमका तोच, आणि हा महामूर्ख, रोज दिवेलागणीला जो शब्द कानानं ऐकत होता तो सोडून शब्दकोश उघडायला गेला होता. त्या दुपारी मात्र आक्कानं त्याला पुढं बोलू दिलं नाही. "निवांत-बिवांत मग. आदी हातपाय धू आन् जेवाय बस," म्हणाली.

पुढच्या वर्षी शाळेत त्यानं पुन्हा भाषण केलं. थोरल्या शेजारणीचं चित्र आलं आणि "ही आता निवांत आहे," असं तो म्हणाला तेव्हा आक्कानं शेजारच्या बाईला कोपरानं ढोसलं. ती पहिल्या रांगेतून उठली नाही.

आक्का गेल्या थंडीत गेली. दोन दिवस अंगात कणकण होती, तेवढंच निमित्त झालं. फौजीची पोरं आता स्वतः फौजेत आहेत, ती सुट्टी काढून आली. माणदेशातून पागोटं बांधलेला एक उंच गडी आला. तो कोण हे आम्हाला ओळखूच येईना. मग कळलं, हेच ते तापानं फणफणलेलं तान्हं. घाटावर पाणी पाजायला पुढं कुणी व्हायचं, यावरून वाद व्हायची पाळी आली, इतके हक्क सांगणारे. आमचा शास्त्रज्ञ सगळ्यांच्या मागं उभा राहून त्यांच्याकडं बघत होता.

घराला आता कुलूप आहे. तो पुण्यात दुपटी आणि धुरी मोजतो, नऊला झोपतो, ध्रुवतारा अजून त्याला सापडलेला नाही. पण दिवेलागणीला काय करायचं, हे त्याला कळेनासं झालं होतं. एके दिवशी त्या वेळेला माझा फोन वाजला. गाळप ऐन भरात. यंत्रांच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं, टेबलावर रसाचे नमुने खोळंबलेले, उतारा का घसरला म्हणून साहेब दारात उभे. मी फोन खांद्यानं कानाशी दाबला.

"काय करतोस?" पलीकडून आवाज आला.

"काय न्हाई रं," मी म्हणालो. "निवांत हाय."

"बरं," तो म्हणाला आणि फोन ठेवला. आता रोज करतो.